गुणाजीची अर्धी घोषणा

गुणाजी परबाचा आवाज लालबागेत प्रसिद्ध होता, म्हणजे बदनामच म्हणा. जन्म मिलच्या लूमखात्यात गेलेला. त्या खडखडाटावर ओरडून बोलायची सवय, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी तिसऱ्या मजल्याला कळायचं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि ह्या आवाजाला लायक काम मिळालं. दर रविवारी सकाळी चाळीतून प्रभातफेरी निघे. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ ही हाक गुणाजीची, ‘झालाच पाहिजे’ बाकीच्यांचं. फेरीचा शिरस्ता एकच: ज्याने घोषणा उचलली, त्यानेच ती पुरी करायची. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही.

मग खोकल्यातून रक्त पडलं. डॉक्टरांनी फुप्फुसाचा कॅन्सर सांगितला. विजेचे शेक झाले, पण दम परत आला नाही. चार शब्दांत धाप लागे. गुणाजी दुखण्याला भ्यायला नव्हता, पण आवाज गेल्यावर आपण उरलो कशाला, ह्या विचाराने त्याला गिळलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. आंघोळ नको, बोलणं नको, पेजेची वाटी तशीच निवून जायची. बायको शकू समजावून थकली. शेजारी येत आणि ‘धीर धर’ म्हणून जात. धीर काय वाण्याकडे मिळतो?

त्यात चाळीने मायेपोटी कहर केला. आजाऱ्याला त्रास नको म्हणून त्याच्या गॅलरीखाली घोषणा द्यायच्या नाहीत असं ठरलं. रविवारी फेरी कोपऱ्यापर्यंत गर्जत आली आणि एकदम गप्प झाली. नुसत्या चपला वाजत होत्या. अशी मुकाट माणसं गुणाजीने फक्त स्मशानाच्या वाटेवर पाहिली होती. त्याचं टाळकंच सरकलं.

“शकू, माका उठव!”

तिच्या आधाराने तो गॅलरीत आला. कठडा धरून खाली खेकसला, “कोणाचा मयत नेतास रे? मी मेलंय नाय अजून!”

फेरी जागच्या जागी थांबली. गुणाजी आजारी पडल्यापासून फेरीचं पुढारपण ज्याच्याकडे आलं होतं, तो दगडू खाली मान घालून उभा राहिला. गुणाजीने छाती भरली.

“मुंबईसह संयुक्त...”

आणि खोकला उसळला. तो कठड्यावर वाकला, शकू पाठ चोळू लागली. खाली एका नवख्याने ‘महा’ म्हणायला तोंड उघडलं, तर शेजारच्याने त्याला कोपर मारलं.

“घे दम, गुणाजी,” दगडू वर बघून म्हणाला. “आमका खंय घाई आसा?”

सगळा रस्ता खोळंबला. गुणाजीला दिसत होतं, त्याच्या एका शब्दासाठी ही सारी माणसं उभी होती. त्याने डोळे पुसले.

“महाराष्ट्र!” आवाज फाटका, पण त्याचाच.

“झालाच पाहिजे!” खालून असं काही उत्तर आलं की समोरच्या चाळीच्या खिडक्या उघडल्या.

घोषणेने कॅन्सर पळत नाही, हे गुणाजीलाही ठाऊक होतं. धापा टाकत तो आत आला. शकूने सवयीने पेजेची वाटी पुढे केली. त्याने ती बाजूला सारली.

“ह्या नको. बांगडो भाज.”