साडेचार काका

कोणाच्याही नव्या घरात पाऊल टाकलं की साडेचार काका आधी खोल्या मोजायचे. चपला काढायच्या, यजमानांना नमस्कार करायचा, आणि हात मागे बांधून घरभर एक फेरी. मग निकाल. टेक्सासमधल्या फ्रिस्को गावातल्या आमच्या वास्तुशांतीला त्यांनी ही फेरी मारली आणि माझ्या नवऱ्याला, अजितला, काळजीनं विचारलं, "चार बाथरूम कशाला रे? चार अर्धे म्हणजे दोन पूर्ण झाले. मग साडे उरतंय कुठे?" अजितनं माझ्याकडे पाहिलं. मला तरी काय कळणार, मी गुरुजींसाठी सुपाऱ्या शोधत होते.

उलगडा त्यांच्या मुलानं, आमच्या शेजारच्या मिलिंदनं केला. काकांचं सगळं कर्तेपण मॉन्ट्रियलमध्ये गेलेलं. कॅनडातला तो क्युबेक प्रांत म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्यांचा मुलूख, आणि तिथे भाड्याचं घर साडेतीन, साडेचार, साडेपाच असं सांगतात. जेवढ्या खोल्या तेवढा आकडा, आणि न्हाणीघराचं अर्धं. काकांचं घर साडेचार. तीन मजली इमारत, मजल्यागणिक एक बिऱ्हाड, आणि जिना घराच्या बाहेर, लोखंडी, वळणावळणाचा. बर्फ पडला की त्या जिन्यावरून उतरणं ही एक विद्याच, असं काका म्हणायचे. टेक्सासमध्ये मंडळी एकमेकांना घराचे स्क्वेअर फूट सांगतात आणि मनातल्या मनात कोण पुढे कोण मागे ते ठरवतात. काकांना स्क्वेअर फूट सांगितले की ते ऐकून घेत आणि विचारत, "हो, पण साडे किती?" मुलांनी त्यांचं नाव ठेवलं ते ठेवलंच.

काका मूळचे मिरजेचे, मेकॅनिकल इंजिनिअर. मॉन्ट्रियलला एका कापडगिरणीत लागले. साहेब इंग्रजीत बोलायचे, कामगार फ्रेंचमध्ये, आणि काका मधल्या मध्ये दोघांकडे बघून मान हलवायचे. पुढे कायदा झाला आणि कामाची भाषा फ्रेंच झाली. इंग्रजीवाल्या बऱ्याच कंपन्यांनी गाशा गुंडाळला, ओळखीची मराठी कुटुंबं टोरोंटोला गेली. काका गेले नाहीत. चाळिशीच्या उंबरठ्यावर फ्रेंचच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसले. "शिव्या कळायला लागल्या ना, की समजायचं आपण कामावर रुळलो," असं ते सांगत. तिथल्या शिव्या म्हणे सगळ्या चर्चमधल्या वस्तूंच्या नावांच्या. एकदा मंडळाच्या सत्यनारायणाला त्यांनी त्यातली एक अगदी सुरेख उच्चारात ऐकवली. अर्थ कोणालाच कळला नाही म्हणून बरं. गिरणी बंद पडल्यावर ते विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गेले आणि तिथूनच रिटायर झाले.

त्यांच्या बोलण्यात खालच्या मजल्यावरची घरमालकीण सारखी यायची. काका तिला नुसतं 'मादाम' म्हणत. तिला बारा भावंडं. त्या काळी तिथे घरोघरी तसंच असायचं, पाद्री दारात येऊन पुढचं मूल कधी म्हणून विचारायचा. आणि मादामला स्वतःला एकच मुलगा. "आम्ही मिरजेत आठ, आणि मला हा एक मिलिंद. तिचा ल्यूक आणि माझा मिलिंद, दोघंही इंग्रजीत नोकरी करायला लांब गेले. मग राहिलं कोण? मी, तुझी काकू आणि खाली ती. तिघं मिळून बर्फ काढायचो," असं एकदा भेंडी चिरता चिरता त्यांनी मला सांगितलं. भेंडी मात्र इतकी बारीक चिरली की भाजीऐवजी कोशिंबीर करावी लागली.

काकू गेल्या, पाठोपाठ मादाम गेली, आणि काकांचा गुडघा बदलावा लागला. मिलिंद जाऊन त्यांना घेऊन आला. आता मिलिंदबद्दल मी एक शब्द वाईट बोलणार नाही. बापासाठी खालची मोठी बेडरूम दिली, बाथरूममध्ये दांड्या बसवून घेतल्या, टीव्हीवर फ्रेंच चॅनेल घेतलं. घर देखणं, पुढे मागे लॉन. पण तो आणि स्वप्ना सकाळी सातला बाहेर पडायचे ते सहाला परत. नातू कॉलेजला दुसऱ्या राज्यात. काकांना गाडी चालवता येत नव्हती. मॉन्ट्रियलला कधी गरजच पडली नव्हती. फ्रिस्कोत गाडी नाही म्हणजे माणूस घरात कोंडल्यासारखाच. मी घरून काम करायची, म्हणून अकराच्या सुमाराला काका मागच्या दारानं आमच्याकडे यायचे. एकदा म्हणाले, "मेधा, सकाळपासून मी फक्त मायक्रोवेव्हशी बोललोय." मी हसले. ते हसले नाहीत.

जुलैची पहिली तारीख आली की काकांच्या अंगात यायचं. मॉन्ट्रियलमध्ये सगळ्यांचे भाडेपट्टे एकाच दिवशी संपतात आणि अख्खं शहर त्या एका दिवसात बिऱ्हाड हलवतं. फुटपाथवर सोफे, जिन्यावर गाद्या, जो तो मित्रांना हाक मारतो आणि कामाच्या बदल्यात पिझ्झा खायला घालतो. काका त्या दिवशी टेक्सासच्या उन्हात टोपी घालून आमच्या कॉलनीत कोणी घर हलवतंय का ते बघत फिरायचे. कोणीच नसायचं. शेवटी अजितनं डॅलसच्या युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मराठी पोरांशी त्यांची गाठ घालून दिली. ती पोरं सतत कुठून तरी कुठेतरी राहायला जात असतात. काका जिन्याच्या तळाशी उभे राहून हुकूम सोडायचे, "गादी आडवी नाही, उभी! वाकव तिला, घाबरतोस काय!" पोरं "काका, यू आर द बॉस" म्हणत ऐकायची.

अशाच एका शनिवारी परत येताना, गाडीत माझ्या शेजारी बसून त्यांनी सांगितलं की त्यांना भाड्यानं फ्लॅट हवाय. शेजारच्या प्लेनो गावात, लाइट रेलच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, स्टेशनाजवळ, वर खाली माणसं असलेला.  मिलिंदला कळलं तर काय होईल ते मला ठाऊक होतं, आणि तसंच झालं.

"माझ्या घरात काय कमी आहे?" मिलिंदनं विचारलं. आम्ही सगळे त्याच्या त्या भल्यामोठ्या किचनमध्ये उभे होतो. "लोक काय म्हणतील, बापाला अपार्टमेंटमध्ये ठेवलं? आणि लोकांचं सोडा. तुम्ही तिथे एकटे. काही झालं तर कळणार कोणाला? दोन दोन दिवस कळायचं नाही बाबा, मी रोज नाही येऊ शकत." शेवटी त्याचा आवाज फाटला. राग नव्हता तो, भीती होती. काका शांतपणे म्हणाले, "घरात काहीच कमी नाही रे. माणसं कमी आहेत." मिलिंदला ते फार लागलं. महिनाभर बापलेक मिठाच्या बरणीपुरते बोलायचे. स्वप्ना बिचारी दोघांची ताटं वाढायची आणि माझ्याकडे येऊन डोळे पुसायची.

पण काकांनी हट्ट सोडला नाही. अपार्टमेंटच्या ऑफिसातल्या मुलीला त्यांनी बजावलं की भाडं एक जुलैपासूनच सुरू झालं पाहिजे. तिला वाटलं काहीतरी धार्मिक असेल, तिनं मान डोलावली. आणि मग तो फ्रिजचा घोटाळा. मॉन्ट्रियलमध्ये म्हणे भाडेकरू फ्रिज आणि शेगडी आपापली घेऊन फिरतात. ऑफिसनं दाखवलेल्या नमुन्याच्या फ्लॅटमध्ये फ्रिज होता, पण तो शोभेचा असणार असं काकांनी परस्पर ठरवून टाकलं. कोणाला न सांगता एक जुना फ्रिज मिळवला, पोरांकडून त्या उन्हात दुसऱ्या मजल्यावर चढवून घेतला, दार उघडलं, तर आत नवाकोरा फ्रिज उभा. पोरं जिन्यातच बसली. काकांनी दोन्ही फ्रिजांकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "चला, पिझ्झा मागवा." मिलिंद त्या दिवशी मदतीला आला नाही. संध्याकाळी मात्र गाडी खालपर्यंत आणली, औषधांचा डबा माझ्या हातात दिला आणि वर न येता परत गेला.

दोन आठवड्यांनी काकांचा फोन आला. आवाजात इतका आनंद की मला वाटलं नातवाचं लग्न ठरलं. झालं होतं एवढंच, की त्यांनी लाल मिरच्यांची खमंग फोडणी दिली, धुराचा अलार्म कोकलला, आणि खालच्या मजल्यावरची मार्था नावाची मेक्सिकन बाई तणतणत वर आली. "मेधा, ती माझ्याशी भांडली. दारात उभी राहून चांगली दहा मिनिटं. फ्रिस्कोत तीन वर्षांत माझ्याशी कोणी भांडलंय का?" भांडण ती स्पॅनिशमध्ये करत होती, हे उत्तरं फ्रेंचमध्ये देत होते, आणि म्हणे निम्म्याहून जास्त कळत होतं. जुना फ्रिज शेवटी तिच्याकडे गेला. ती दुपारनंतर एका हॉटेलात स्वयंपाकाला जायची, त्यामुळे सकाळी घरी असायची. काकांना ती टोर्टिया लाटून द्यायची, काका तिच्या पोरीला गणित शिकवायचे. मी गेले की काका कधीच घरात सापडायचे नाहीत. कुणाच्या ना कुणाच्या दारात.

मिलिंद रविवारी येऊ लागला. पहिल्यांदा दहा मिनिटं उभ्या उभ्या, मग चहाला, मग जेवायला. अबोला कधी संपला ते कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. पण दर वेळी निघताना तो तेच म्हणायचा, "बाबा, फोन उशाशी ठेवत जा."

गेल्या मार्चमध्ये एका मंगळवारी सकाळी काका गेले. मार्थाला वर रोजची पावलं ऐकू आली नाहीत. तिनं शेगडी बंद केली आणि चावी घेऊन वर गेली. तिच्याकडे चावी असते हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. काका खुर्चीत बसले होते, छातीला हात लावून, शुद्धीवर. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती त्यांचा हात धरून जमिनीवर बसून राहिली आणि तिच्या भाषेत प्रार्थना म्हणत राहिली. मध्येच काकांनी तिला फ्रेंचमध्ये काहीतरी सांगितलं आणि ते हसले, असं ती म्हणते. हॉस्पिटलच्या वाटेवर संपलं सगळं.

दिवस झाल्यावर मी आणि मिलिंद फ्लॅट आवरायला गेलो. मार्था वर आली, मिलिंदच्या हातात चावी ठेवली आणि रडायला लागली. तिला सावरण्याइतकं स्पॅनिश आम्हाला दोघांनाही येत नव्हतं. ती गेल्यावर मिलिंदनं ती चावी तळहातावर उलटीसुलटी केली.

"मेधा," तो म्हणाला, "बाबा माझ्या घरी असते ना, तर मला संध्याकाळी सहाला कळलं असतं."