मोजायचा राहिलेला धोंड्याचा महिना

माझ्या गाईच्या माजाचे दिवस मी सणांवर मोजायची. पोळ्याला भरवली, घटात उलटली म्हणजे गाभ न राहता परत माजावर आली, असं. नवरा म्हणायचा, "वहीत लिहीत जा." मी म्हणायची, "तुमच्या वहीपेक्षा माझं डोकं बराबर चालतं." गर्व होता, दुसरं काय!

ती कालवड असताना माझ्या वडिलांनी दिलेली, टेंभुर्णीहून टेम्पोत आणलेली. दुसऱ्यांदा व्याली आणि नंतर माजावरच येईना. आली तेव्हा दोनदा भरवली, दोन्ही वेळा गाभण राहिली नाही. नवरा वैतागला. "या खेपेला राहिली न्हाई, तर बाजार दाखवतो तिला." त्या धास्तीनं मला जेवण जाईना. आषाढी एकादशीला तिसऱ्यांदा भरवली.

राखीच्या सकाळी गाय हंबरायला लागली, शेजारच्या गाईवर उड्या घेऊ लागली. म्हणजे परत माजावर आली! जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते घाईतच आले.

"आधी कधी भरवल्ती?"

"एकादशीला. सव्वा महिना झाला असंल."

"मंग हात घालून गाभ कळायचा न्हाई, लवकर होतंय," म्हणाले आणि बीजाची नळी घालून भरवून गेले.

पाचव्या दिवशी धार काढायला गेले तर गाईमागं शेणात उंदराएवढा गोळा पडलेला. बारकं डोकं, बारके पाय. मला तिथंच रडू फुटलं.

डॉक्टर परत आले. "बाई, हे दोन महिन्यांचं हाय. गाभण गायसुद्धा कधी कधी माज दाखवती, अन् तशात नळी घातली की गाभ पडतो. दोन महिने म्हणल्या असत्या तर आधी तपासली असती."

"सव्वाच महिना!" मी भांडायलाच उठले.

नवरा बोटांवर मोजत होता. "अगं, औंदा मधी धोंड्याचा महिना आल्ता ना?"

एकादशी आणि राखीच्या मधे अख्खा अधिक महिना बसला होता. त्याच महिन्यात आम्ही दोघं माहेरी जाऊन पुरणाचे धोंडे खाऊन आलो होतो. वडिलांनी जावयाआधी गाईचीच चौकशी केली होती.

मी नवऱ्याला म्हणाले, "न्या तिला बाजारात."

"राहू दे," तो म्हणाला. "तिचा काय दोष?"

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. गाय कशी आहे, विचारलं. मी म्हणाले, परत उलटली.

"मंग तिच्यातच खोट हाय, पोरी."

मी हो म्हणाले.