सगळ्यांसाठी एकच फलन

चार मे. वर्षाची तूरडाळ गच्चीवर वाळत घातली होती आणि माकडं येऊ नयेत म्हणून मी काठी घेऊन जिन्याच्या सावलीत बसले होते. आजवर मी हेवा केला तो एकाच बाईचा, आणि ती नेमकी तेव्हाच जिना चढून वर आली. माझी धाकटी जाऊ.

रूपात किंवा संसारात ती माझ्याहून सरस आहे म्हणून हेवा, असं मात्र नाही. तिची भाजी खारट होते नाहीतर अळणी. मधली भाजी तिला ठाऊक नाही. एकदा राळेगावला जायला म्हणून घरून निघाली आणि विचारांच्या नादात नेरच्या एसटीत बसली. नेरच्या स्टँडवर चहा पिऊन परत आली आणि मलाच सांगते, "बरं झालं ताई, खिडकी भेटली. एक गणित सुटलं." कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवलं, तर पहिली अधिक, दुसरी उणे अशा मोजत राहिली. बेरीज काही एकाच्या पुढे जाईना आणि वरण करपलं. यावर सासूबाई काय म्हणाव्यात? "राहू दे व, तिचं डोकं मोठ्या कामात हाय." माझ्या हातून दूध उतू गेलं असतं तर आठवडाभर ऐकलं असतं.

आम्ही दोघी गणितात एम.एस्सी. मार्क माझे जास्त. पण मी शाळेत दरवर्षी तेच त्रिकोण काढते, आणि ही यवतमाळच्या कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात एका प्रमेयामागे लागलेली. एकमेकांशी काटकोनात असल्यासारखी, दुसऱ्याच्या कामात लुडबुड न करणारी फलनं, इंग्रजीत फंक्शन्स, असतात (म्हणजे आम्हा जावांसारखी अजिबात नव्हेत). कुठलंही फलन त्यांच्या न संपणाऱ्या बेरजेत, म्हणजे श्रेणीत, मांडायचं. हिला असं एकच फलन हवं होतं की त्याच्या श्रेणीतली चिन्हं, कुठे अधिक, कुठे उणे, नीट बदलली की बेरीज आपण म्हणू त्या फलनाकडे जाऊन पोचेल. एकातून सगळी. सासूबाई गल्लीत सांगतात, "लहानी शोध लावून राह्यली." मोठीचं कुणी विचारलं तर, "ते हाय शाळेत."

तर ती वर आली, कागदांचा गठ्ठा माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, "ताई, झालं! दहा तारखेले अमरावतीच्या परिषदेत मांडायचं हाय. त्याच्या आधी तुमीच एकदा पाहा न."

मी पाहिलं. चूक सापडावी अशी मनापासून इच्छा धरून पाहिलं. आणि चौथ्या पानावर सापडली.

"तुहं हे मूळ फलन तू कवा निवडलं?" मी विचारलं.

"हे काय, इथं. कुठं पोचायचं ते ठरल्यावर."

"मंग ते सगळ्यांसाठी एक कसं होईन व? आधी बाईचं माप घेतलं, मंग पोलकं शिवलं. दुसरी बाई आली, दुसरं शिवलं. अन् सांगून राह्यली, एकच पोलकं साऱ्या गावाले होते!"

माझा आवाज जरा चढलाच असेल. समाधान लपवणं मला जमत नाही. ती कागदाकडे बघत राहिली. आता रडेल असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर समजूत घालायची वाक्यंही मी तयार ठेवली. तिने कपाळावर हात मारला आणि हसत सुटली, इतकी की मागे सरकून सरळ डाळीत बसली.

"कायले हसतं व? दहा तारीख हाय न!"

"कळवून टाकू, नाई जमलं म्हनून. पन ताई, काय चूक हाय! म्हंजे हे अजून राह्यलंच हाय तर!"

सणाला माहेरी दोन दिवस जास्त राहायला मिळावेत, तसा तिचा चेहरा झाला होता. कागद माझ्यापाशीच टाकून ती गुणगुणत खाली गेली. माकडांनी डाळीचा एक कोपरा लुटला तो मी बघत होते, पण काठी उचलली नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, मला हिच्या नावाचा हेवा आहे. नावाचं काय, ते आत्ताच माझ्या हातून लांबणीवर पडलं होतं, तरी हेवा जागेवरच होता. माझी सगळी कामं संध्याकाळपर्यंत संपतात. तिचं एक काम आहे जे संपत नाही, आणि न संपल्याचा तिला आनंद होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ उरकली, चहाचे दोन कप घेतले, ते कागद काखेत मारले आणि तिच्या खोलीत गेले. ती जमिनीवर पसारा मांडून बसली होती.

"सरक तिकडं," मी म्हटलं, "मले बसू दे."