उघडता आलं तर न्या

जालना रोडवरच्या त्या हार्डवेअरवाल्याचं नाव मी इतक्या वर्षांत विचारलं नाही. तो मला आपा, म्हणजे ताई, म्हणतो, तेवढ्यावर आमचं भागतं. मालाची तारीफ करणं त्याला जमतच नाही. वस्तू हातात ठेवायची, पाठ फिरवायची आणि फळीवरचे खोके पुसत बसायचं. पुसून होईपर्यंत तुम्हाला ती वापरता आली नाही, तर तो खुशाल परत घेतो.

माझ्या गाडीच्या बॅटरीचा नट सैल होतो आणि गाडी बंद पडते. म्हणून मुलानं बजावलं होतं, "आई, अजिंठ्याला मावशीकडं एकटीनं जायचं नाही." मी तडक दुकानात गेले, त्याला नटाचं आणि बहिणीकडं जायचं सगळं सांगितलं आणि गाडीत ठेवायला अठरा कामं करणारं, चकचकीत मल्टिटूल मागितलं. त्यानं ते दिलं, पाठ फिरवली. माझ्या अंगठ्यानं एक पातं हलेल तर शपथ!

"दुखतोय का अंगठा, आपा?"

"छे हो! नवं आहे, म्हणून घट्ट आहे."

"मग रस्त्यात काय ते जुनं होणार?"

असं म्हणून त्यानं दुसरं काढलं. नुसती पक्कड, दोन पेचकस आणि चाकू. ते लगेच उघडलं. मी पर्स काढली, तर म्हणाला, "ठहरो." बाहेर येऊन त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरीचा नट स्वतःच सैल केला आणि गाडीची मागची काच पुसायला गेला.

मी वाकले, पक्कड लावली आणि नट आवळला. त्यानं येऊन तो हलवून पाहिला. हलला नाही.

"बहिणीला सलाम सांगा," एवढंच म्हणाला.