शय्यादानातले मासे

अमरावतीच्या बुधवाऱ्यात राहणाऱ्या हरिहरभट वाशीमकरांच्या घरी मासे आले ते एकसष्ट साली, आणि तेही दान म्हणून.

प्राणिशास्त्राचे प्राध्यापक उद्धवराव वारले. लग्न केलेलं नव्हतं. बाराव्या दिवशी त्यांच्या बहिणीने, चारुशीलाबाईंनी, शय्यादानासाठी खाट, गादी, छत्री आणि चपला मांडल्या. मग दोन माणसांनी लोखंडी चौकटीची काचेची टाकी आणून गादीशेजारी ठेवली. आत अंगठ्याएवढे दोन मासे होते.

"हे काय?" हरिहरभटांनी विचारलं.

"दादाची सगळ्यात आवडती वस्तू. बुटके सिक्लिड म्हणतात यांना. आफ्रिकेतले आहेत."

हरिहरभटांना टाकी घ्यावीच लागली. मृताच्या आवडीची वस्तू ब्राह्मणाला दिली की त्याला वर पोचते, हे तासाभरापूर्वी त्यांनीच सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. टाकी हातगाडीवर चढली आणि भटजींच्या मागून बुधवाऱ्यात आली.

बायको सिंधूने दारातच सामान तपासलं. "खाट करकरते, छत्रीला भोक आहे, आणि हे मेले तर पातक आपल्या डोक्यावर."

"मेले तर उद्धवरावांना लवकर पोचतील," हरिहरभट म्हणाले.

पण महिन्याभरात त्यांना माशांचा लळा लागला. संध्या आटोपली की ते देवळामागच्या हौदातून डासांच्या अळ्या गाळून आणायचे. मादीचं पोट पिकल्या जांभळासारखं होतं, नर जरा लांबट आणि फिका. पंचाईत एकच होती. दोघेही दिवसभर तळाशी, एका फुटक्या मडक्यात लपून बसायचे. दर्शनाला येणाऱ्यांना टाकीत नुसतं पाणी दिसायचं. हरिहरभट बोलघेवडे गृहस्थ. एवढ्या मोठ्या जागेत दोघांनीच राहावं आणि तेही तोंड लपवून, हे त्यांना पटेना. सोबत पाहिजे, असं त्यांनी ठरवलं.

अकोल्याला डोमाजी नावाचा माणूस पोपट, कबुतरं आणि कलकत्त्याहून आलेले रंगीत मासे विकायचा. हरिहरभट एका लग्नाला अकोल्याला गेले आणि येताना डब्यात एक एंजल मासा घेऊन आले. पंख असे लांब की पाण्यात उपरणं सोडल्यासारखे. तो मधोमध थाटात तरंगू लागला. त्याला पाहायला यजमान आले. त्यातले खुशालराव मोठे शेतकरी, गावात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी वाकून मडक्यातले दोन धरून तीन मासे मोजले आणि मान डोलावली.

चौथ्या दिवशी एंजलच्या पंखांच्या चिंध्या झाल्या होत्या. सहाव्या दिवशी तो मेला. हरिहरभटांनी त्याला परसात डाळिंबाखाली पुरलं. खड्डा जेमतेम वीतभर खणला. दुपारी कुत्र्याने तो उकरला आणि मासा खाऊन उरलेला सांगाडा थेट शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

संध्याकाळी खुशालराव आले. त्यांनी टाकीपुढे बसून पुन्हा मोजलं. "महाराज, तिसरा कुठं गेला?"

"मेला."

"अस्सं," खुशालराव म्हणाले, आणि त्यांनी सिंधूच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं.

दुसऱ्या खेपेला हरिहरभटांनी डोमाजीला सविस्तर हकीकत सांगितली. डोमाजीने विचार केला. "मंग हा मिशीवाला न्या. तयाशीच राह्यते, कोनाच्या अध्यात नाई ना मध्यात नाई. टाकी बी साफ करते."

मिशीवाला टाकीत सोडला तसा तो सरळ मडक्याकडे गेला, कारण तळाशी लपायला तेवढीच एक जागा होती. पुढचे दोन दिवस हरिहरभटांनी पूजेपेक्षा टाकीकडेच जास्त लक्ष दिलं. ती अंगठ्याएवढी जोडी मिशीवाल्याला कोपऱ्यात कोंडून आळीपाळीने चावत होती. तिसऱ्या दिवशी त्याच्या मिशा गेल्या, मग तोही गेला. या वेळी सिंधूने स्वतः कुदळ घेतली आणि कमरेइतका खड्डा खणला. ते खणकाम अर्ध्या बुधवाऱ्याने पाहिलं.

झालं. भटजी आठवड्याला एक मासा खातात आणि काटे बायको पुरते, ही गोष्ट आंबागेटपर्यंत गेली. खुशालरावांनी मुलीच्या लग्नासाठी अचलपूरचा भटजी ठरवला. दोन घरच्या सत्यनारायणांची बोलावणी आलीच नाहीत.

हरिहरभट तडक अकोल्याला गेले. डोमाजी बाजारात गेला होता. दुकानात त्याची बायको वच्छला होती, पोपटांना मिरच्या घालत. हरिहरभटांनी तिलाच सगळं ऐकवलं.

"महाराज, तुमची जोडी राह्यते कुठं?" तिने विचारलं. "खाली का वर?"

"खाली. मडक्यात."

"आन् तुमी मिशीवाला टाकला, तो बी खाली राह्यनारा. एका मडक्यात दोन बिऱ्हाडं कशी मावन? एंजल त थंडा परानी, लांब पंखाचा. त्याले पयता येत नाई. चावनाऱ्याले आयतंच सापडलं."

"मग डोमाजीने काहून दिला?"

"त्याचे पोपट बी त्याले चावतात," वच्छला म्हणाली. "तो दिसाले चांगलं ते देते. मासे मी पाह्यते."

तिने मागच्या मडक्यातून गाळणीने बोटाच्या पेराएवढ्या, निळ्या पट्ट्यांच्या दहा मासोळ्या काढल्या. बाळापूरच्या नदीतल्या होत्या. फुकट मिळणाऱ्या माशाला कोण विचारतं, म्हणून त्या पडून होत्या. "या वरच राह्यतात. पयतात भारी, कोनाच्या हाती लागत नाईत. एकटी-दुकटी नेऊ नका, घोयकाच न्या. दुसरं असं का, वर लहान मासोया बिनधास्त फिरताना दिसल्या का खालच्याले वाटते, धोका नाई. मंग तो भाईर येते. तुमचे मासे माजलेले नाईत महाराज, भ्यालेले हायेत."

हरिहरभटांनी आयुष्यात पहिल्यांदा न अडवता कुणाचं बोलणं पूर्ण ऐकलं असेल.

मासोळ्या वर सुटल्या. त्यांनी टाकीभर नुसता धिंगाणा घातला. दोन तासांनी मडक्यातून मादीचं तोंड बाहेर आलं. तिने वर पाहिलं, थोडं थांबली, आणि जांभळं पोट मिरवत टाकीच्या मध्यापर्यंत आली. मागोमाग नर. एक मासोळी मडक्याजवळ गेली तेव्हा तो धावला, पण ती केव्हाच वर पोचली होती. नर परत फिरला. "सिंधू, इकडे ये," हरिहरभटांनी हाक मारली. सिंधू कणकेच्या हातांनी आली आणि पोळ्या करपेपर्यंत तिथेच उभी राहिली.

पुढच्या महिन्यात जोडी पुन्हा मडक्यात गडप झाली. हरिहरभट तासातासाला टाकीपुढे येऊन वाकायचे. दहा दिवसांनी मादी बाहेर आली ती मागे जिऱ्याएवढ्या पिल्लांचा ढग घेऊन.

त्याच आठवड्यात अचलपूरच्या भटजींची एसटी परतवाड्यालाच बंद पडली आणि खुशालरावांच्या घरी सीमांतपूजन खोळंबलं. खुशालराव स्वतः बोलवायला आले. हरिहरभट सोवळं नेसेपर्यंत ते टाकीपुढे बसले. सवयीने मोजू लागले, पंचवीसपर्यंत गेले, पिल्लं हलली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि शेवटी नाद सोडला. मादी पिल्लांना घेऊन वाळूवरून चालली होती, नर पुढे, वर मासोळ्या.

"महाराज," ते हळूच म्हणाले, "लई शिस्तीचं घर हाय हे."

"मी एकही मासा खाल्लेला नाही, हे मांडवात चारचौघांत सांगाल तरच येतो."

खुशालरावांना खोटं बोलायची सवय नव्हती. "खाल्ला नाई हे मी कसं सांगू? मी म्हनन, महाराज खाताना मले दिसले नाईत."

हरिहरभटांनी तेवढ्यावर भागवलं. मांडवात हे वाक्य ऐकून वरपक्ष हसला, आणि बोलावणी पुन्हा सुरू झाली.

दिवाळीनंतर त्यांनी तीस पिल्लं डब्यात घालून वच्छलाला नेऊन दिली. आणलेली मिठाई तिने डोमाजीच्या हातात ठेवली आणि पिल्लं स्वतः घेतली. हरिहरभट चहा पीत बसले असताना एक वकील आले आणि त्या पिल्लांतली जोडी मागू लागले. वच्छलाने विचारलं, घरच्या टाकीत काय-काय आहे. वकिलांनी अभिमानाने सांगितलं, तीन एंजल.

"मंग नाई भेटत," ती म्हणाली, आणि पोपटांकडे वळली.

डोमाजी तिच्यावर करवादला. वकील हरिहरभटांकडे वळून म्हणाले, "तुम्हीच सांगा बाईंना काहीतरी."

हरिहरभटांनी बशीतला चहा संपवला. "ती सांगते तसं करा," ते म्हणाले. "आणि ऐकायचंच नसेल, तर निदान खड्डा खोल खणा."