औषध उष्ण हाय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज सांगतो — नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

भूकंपानंतरची वर्षं. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तिथं जीवशास्त्र शिकवत होतो. मला शिकवलं थोरल्या बहिणीनं, अक्कानं, आणि भावजींनी — मुदखेडला स्वतःच्या घरी ठेवून. त्याच अक्काला कॅन्सर निघाला. नांदेडला केमोथेरपी सुरू झाली. भावजींना आजार ठाऊक होता. डॉक्टरांशी बोलणं माझ्याकडं, कारण शिकलेला मीच. अक्काला मी सांगितलं, ताकदीचं सलाईन आहे.

केस गळायला लागले तेव्हा तिनं विचारलं, "ताकदीच्या सलाईननं केस कशाला जातेत रे?"

उत्तर मला येत नव्हतं का? पेशींचं विभाजन मी रोज फळ्यावर काढत होतो. भराभर वाढणाऱ्या पेशींना हे औषध मारतं. कॅन्सरच्या मरतात, तशा केसांच्या मुळाच्या, रक्त तयार करणाऱ्याही मरतात. शरीर सावरावं म्हणून दोन सलाईनमध्ये अंतर ठेवतात, आणि त्या दिवसांत साधा तापसुद्धा जिवावर बेततो. डॉक्टरांनी मला बजावलं होतं — ताप आला की त्याच दिवशी घेऊन या.

मी म्हणालो, "औषध उष्ण हाय, अक्का."

भावजीही तिथंच बसले होते. तापाचं नंतर सांगू म्हटलं — आणि लातूरला निघून आलो. बॅच होती ना!

पुढं ताप आला. अक्का म्हणाली, सलाईनची उष्णता बाहेर पडून राहिली. भावजींनी ताक पाजलं, सब्जा भिजवून दिला, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. नांदेडला नेईपर्यंत ती बोलेनाशी झाली होती.

मी पोचलो तेव्हा डॉक्टर चिडले होते. तापाचं घरी सांगितलं नव्हतं का, असं त्यांनी मला विचारलं. भावजी शेजारीच उभे होते.

"सांगितलं होतं की भावजींना."

कशाला म्हणालो मी तसं? इतकी वर्षं स्वतःवरच चरफडतोय. भावजींनी डॉक्टरांपुढं हात जोडले. अक्का दुसऱ्या दिवशी गेली.

भावजी आता थकलेत. दिवाळीला गेलो की ताटावर बसल्यावर म्हणतात, "तू सांगितलं असशील बाबा, माझ्याच ध्यानात राहिलं न्हाई."

मी खाली मान घालून जेवत राहतो. गेल्या दिवाळीतही जेवलो.