खोटा निरोप

प्रिय नातवंडांनो, परवा तुम्ही विचारलंत, "आजी, तुझा लाडका हिरो कोण?" एका सिनेमातल्या नायकाचं देखणं हसू लगेच आठवलं, पण तो मुलगा भला होता का, हे ठरेना.

मी लहान असताना भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. कामगार वसाहतीतल्या आमच्या सेक्टरच्या मैदानात पडदा लावून सिनेमा दाखवत आणि आम्ही घरून सतरंजी न्यायचो. एका संध्याकाळी पडद्यावर या कॉलेजकुमार नायकाने गंमत म्हणून नायिकेच्या वर्गात निरोप धाडला, तुझे वडील गिरणीत जखमी झाले. ती रडत बाहेर धावली, तर हा सायकलला टेकून हसतोय. सारं मैदान हसलं. मीही हसले.

आईने माझं मनगट घट्ट धरलं. बाबा भट्टीच्या बांधकामावर होते, आणि शिफ्ट सुटूनही ते आले नव्हते.

"कावून हासून राहिली?" ती म्हणाली. "तुह्या बापाचा असा निरोप आला तं?"

पुढचा सिनेमा मी पाहिलाच नाही. रस्त्याकडे पाहत बसले. अखेर अंधारातून बाबांचा आवाज आला, "आलो वं." तेव्हा आईची बोटं सुटली.

त्यानंतर बाबा रोज दुरूनच हाक देत. तुमचे बाबाही तिकडे तुमच्या घरी दार उघडताना आधी म्हणतात, "आलो."